आडखोलची शेवटची हाक

आडखोल गावाला दोन सरकारे आहेत. एक दिसते, एक दिसत नाही, आणि गाव घाबरतो तो न दिसणाऱ्याला. दिसणारे म्हणजे ग्रामपंचायत. तिला सिमेंटची इमारत आहे, नळपट्टीच्या सूचनांचा फळा आहे, आणि सरपंचांसाठी एक फिरती खुर्ची आहे जी आणल्यापासून फिरलेली नाही. न दिसणारे म्हणजे गावऱ्हाटी. वर ग्रामदेव रवळनाथ, त्याच्या खाली बारा-पाच मानकरी, आणि त्यांच्या खाली प्रत्येक घराला पिढ्यान्‌पिढ्या लावून दिलेले एकेक काम. कुणी ढोल धरायचा, कुणी गाऱ्हाणे घालायचे. तहसीलदार तीन वर्षांनी बदलतो, आमदार पाच वर्षांनी बदलला तर बदलतो, पण गाऱ्हाणे घालणारे घर बदलत नाही.

दाजी दोन्ही सरकारांच्या चाकरीत होता. पंचायतीत बत्तीस वर्षे शिपाई. कचेरी उघडायची, झेंड्याची दोरी सोडवायची, नोटिसा वाटायच्या, आणि ग्रामसेवक नवा आला की कुठल्या घरात चहा प्यायचा आणि कुठल्या घरात नाही हे त्याला हळूच सांगायचे. नोकरी त्याला लागली ती आवाजावर. त्या काळी ग्रामसभेची दवंडी तोंडी असे, आणि दाजीने चव्हाट्यावरून हाक घातली की खाडीपलीकडचा कुत्रा उठून बसे, असे लोक अजून सांगतात. कचेरीत साहेबासमोर तो "होय साहेब" म्हणे, देवळात "व्हय म्हाराजा" म्हणे, आणि दोन्ही ठिकाणी मान सारखीच लववी. दोन वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला आणि त्याच साली महिलांसाठी राखीव झालेल्या जागेवर त्याची सून अनुजा सरपंच झाली. मुलगा गोव्यात नोकरीला, शनिवारी येणारा. गावाला चेष्टेला आयताच विषय मिळाला. सासऱ्याने जन्मभर झटकलेल्या खुर्चीवर सून बसली, आता सासरा घरी पण होय साहेब म्हणणार, असे पारावर चालले होते. दाजी त्यावर हसत नसे आणि रागावतही नसे. तो गेली अकरा वर्षे फारसा कशावर हसलेला नव्हता.

त्याच्या घरात एक विचित्र नेम होता. "रव, येतंय" असे कुणी म्हणायचे नाही. आता हे काय शिवी आहे का? आमच्याकडे दिवसातून चाळीस वेळा माणूस हे म्हणतो. चुलीवर दूध असते, हात पिठात असतो, कुणी बाहेरून हाक मारतो, आपण म्हणतो, रव, येतंय, म्हणजे थांब, येतोय. पण त्याची बायको सुशीला एकदा आतून असे म्हणाली आणि ओटीवर दाजीच्या हातातली कपबशी खाली पडली. पुन्हा एकदा म्हणाली तेव्हा तो उठून तडक बाहेर गेला तो जेवणवेळ टळल्यावर परतला. तेव्हापासून सुशीला हाकेला ओ देत नसे, हातातले टाकून धावत येई. का, हे तिने विचारले नाही. विचारून काही निघत नाही असे नवरे असतात, त्यांतलाच तो.

गावऱ्हाटीत दाजीच्या घराकडे जे काम होते त्याचे नाव शेवटची हाक.

पाच-सहा वर्षांतून एकदा मानकरी रवळनाथाला कौल लावतात. पाषाणावर फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, आणि उजवी पडली की देवाची आज्ञा झाली. मग सगळा गाव तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर जातो. याला गावपळण म्हणतात. माणूस जातो, गुरे जातात, कोंबड्या टोपलीत, मांजर पिशवीत, पाळण्यातले पोर पाळण्यासकट. शाळा बंद, पंचायत बंद. गाव तेवढे दिवस देवाचा आणि देवाच्या लोकांचा, त्यांत कोण कोण असते ते विचारायचे नसते. बाहेर पडताना घरातली पाण्याची भांडी रिकामी करून पालथी घालायची, म्हणजे मागे आलेल्यांना पाणी मिळून ते रेंगाळू नयेत. वेशीपलीकडच्या माळावर झावळ्यांच्या खोपी उभ्या राहतात आणि तिथे मात्र नुसती मजा. भजने, फुगड्या, एका रांगेत पन्नास चुली. मुंबईकर रजा काढून येतात. मुलांना विचाराल तर दिवाळीपेक्षा पळण बरी म्हणतील.

सगळे निघाले की दाजी मागे राही. समुद्राकडच्या शेवटच्या घरापासून तो एकेका दारात उभा राहून तीन हाका घाली: "कोण आसा रे घरात? गाव भायर पडलो, भायर येवा!" तिसऱ्या हाकेलाही जाब आला नाही, की निगडीची एक डहाळी उंबऱ्यावर आडवी ठेवायची. डहाळी पडलेला उंबरा माणसाचा राहत नाही. बाहेरचा ती उचलत नाही, आतला ती ओलांडत नाही. मग दिवेलागणीच्या आत वेशीवर पोचायचे. तिथे सारा गाव ओझी डोक्यावर घेऊन उभा असतो, कारण गाव मोकळा झाल्याशिवाय कुणी टेकायचे नाही असा दंडक. मानकरी विचारतात, "दाजी, गाव मोकळो?" दाजी म्हणतो, "मोकळो, म्हाराजा." आणि चारशे गळे एकदम, "व्हय म्हाराजा!"

अकरा वर्षांपूर्वीच्या पळणीला खाजणाकाठच्या, म्हणजे खाडीच्या पाणथळ काठावरच्या, घरात नर्मदाकाकी एकटी राहत असे. एकाहत्तर वर्षांची, विधवा, एकाच दाराचे घर, दोन्ही गुडघे निकामी, आणि जीभ मात्र तेज. शेजारची अक्का तिची धाकटी जाऊ. दोघींचे पळणीच्या आदल्या दिवशी फणसाच्या झाडावरून जोरात वाजले. एरवी अक्का तिला हाताला धरून नेत असे, त्या दिवशी ती नातवंडे घेऊन पुढे निघून गेली. जाताना, आपल्यासोबत ती येणार नाही हे ओळखून, तेवढे दाजीला सांगितले, "तिका घेवन ये हां. माज्यावांगडा ती येवची नाय."

सकाळी दाजी सांगायला गेला तेव्हा काकीने त्याचीच हजेरी घेतली. "माजे पाय चलनत नाय. तुज्या देवाक माजी अडचण होत असात तर तोच येवन माका उचलून व्हरांदे. तू कोण रे? कचेरीत चाय देणारो!" ऐकायला चार माणसे होती. ती हसली. दाजीला ते लागले. वर्षानुवर्षे साहेबांचे ऐकून घेणाऱ्या माणसाला एका म्हातारीचे का लागावे कोण जाणे, पण लागले.

उन्हे उतरत आली असताना तो हाका घालत तिच्या दाराशी आला. पहिल्या हाकेला जाब नाही. दुसऱ्या हाकेला आतून कळशी पालथी घातल्याचा आवाज आला. तिसऱ्या हाकेला काकी म्हणाली, "रव मरे, येतंय."

एवढेच. रागाने नाही, गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या नेहमीच्या आवाजात. दाजी उभा राहिला. आत काहीतरी सरपटले, पुन्हा थांबले. वेशीवर सगळे तिष्ठत होते. अजून सात घरे बाकी होती. सकाळचे ते "चाय देणारो" डोक्यात होते. येऊ दे सावकाश, वाट तिच्या पायाखालचीच आहे, असे त्याच्या मनात आले, आणि त्याने सवयीने, अगदी नुसत्या सवयीने, हातातली डहाळी उंबऱ्यावर ठेवली आणि पुढच्या घराकडे गेला. ती मागून येईलच, असे त्याने धरून चालले. वेशीवर भाईंनी विचारले. भाई म्हणजे गावचे पहिले मानकरी, शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर. दाजी म्हणाला, मोकळो, म्हाराजा.

चौथ्या दिवशी गाव परतला. काकी उंबऱ्याच्या आत बसलेली होती, पाठ चौकटीला टेकलेली, मांडीत बांधलेले गाठोडे, पायांत चपला. घरातली सगळी भांडी पालथी. पाण्याचा थेंब नव्हता. विहीर दारापासून वीस पावलांवर होती, पण मधे डहाळी होती. कुडाळच्या डॉक्टरांनी अशक्त हृदय म्हणून लिहिले. दुसऱ्या दिवशी कधीतरी गेली असावी, असेही ते म्हणाले.

भाईंनी सर्वांसमोर विचारले, "हाक दिलेलंस?"

"तीन दिलंय."

"जाब इलो?"

"नाय," दाजी म्हणाला.

गावाने मग आपल्या परीने उलगडा केला. उशिरा शहाणपण सुचले, बांधाबांध केली, पण देवाने उंबऱ्यातच धरली. अक्काचा उलगडा वेगळा होता आणि तो तिने दर वर्षी काकीच्या श्राद्धाला, पानावर बसलेल्या दाजीसमोरच बोलून दाखवला: "फणसावरना माज्यावर रागावली ती. म्हणान हाकेक जाब देवक नाय. माज्यापायी गेली." दाजी भात कालवत राही. म्हातारी मेल्याचे दुःख नाही पण काळ सोकावतो, असे आपण सहज म्हणतो. दाजीला म्हातारी मेल्याचेच दुःख होते, आणि काळ तर त्याच्या पानाला पान लावून बसला होता.

सहा वर्षांपूर्वीच्या पळणीला काकीचे घर बंद होते. दारात उभे राहून त्याने तीन हाका घातल्या, घालायच्याच असतात. तिसऱ्या हाकेनंतर आतून आवाज आला, "रव मरे, येतंय." तोच, तितकाच दमलेला. दाजीने डहाळी टाकली की हातातून पडली हे त्यालाही सांगता येणार नाही. उरलेली घरे कशीबशी उरकून तो धावत वेशीवर आला आणि मोकळो म्हणाला. लोकांना वाटले, वय झाले, दम लागला. पुढच्या पावसात त्या घराचे छप्पर बसले. दाजीने खाजणाची वाट सोडली. नोटिसासुद्धा तो त्या बाजूला लांबून, देवळाच्या मागून वळसा घालून नेई.

यंदा मार्गशीर्षात पुन्हा उजवी पाकळी पडली.

अनुजा नव्या दमाची सरपंच. तिने मतदार यादी मोबाईलवर घेतली, लहान मुलांची नावे खाली जोडली आणि ठरवले की जो बाहेर पडेल त्याच्यावर खूण करायची, म्हणजे कुणी म्हातारेकोतारे मागे राहणार नाही. मानकरी कुरकुरले, पण भाई म्हणाले, करांदे, देवाक हिशोब चलता. पळणीच्या सकाळी ती ओटीवर बसून यादी सरकवत होती.

"बाबानू, ह्या एक नाव बगा. नर्मदा, वय ब्याऐंशी. ही ती खाजणाकडची काकी मां? ती कधीच गेली. नाव अजून कशाक ऱ्हवला?"

राहिले होते दाजीमुळे. नाव कमी करण्याचा अर्ज त्याच्याकडेच भरायला दिला होता. तो अकरा वर्षे ट्रंकेत, धोतराच्या घडीखाली होता. ती मेली असे लिहून खाली सही करायची, एवढेच काम होते. त्याला ते जमले नव्हते.

"करा खूण," अनुजा मोबाईल पुढे धरत म्हणाली. "म्हणजे सांजेक चारशे अठरा पुरी होतली."

दाजीने बोट पुढे केले आणि मागे घेतले. "ऱ्हवांदे," तो म्हणाला. "मी बगतंय." सुनेने त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि मोबाईल बंद केला.

दुपारनंतर गाव सुटला. टेम्पो, डोक्यावरच्या वळकट्या, शेळ्यांची ओरड, आणि मग हळूहळू काहीच नाही. तुम्ही कधी संपूर्ण रिकाम्या गावातून चालला आहात? रात्रीची भीती वेगळी, ती समजते. भर उन्हात तुळशीपुढे पणती विझलेली, दोरीवर विसरलेला पंचा, आणि कुठेही खोकल्याचा आवाज नाही, ही भीती समजत नाही. दाजीच्या हाका घरांवर आपटून त्याच्याकडेच परत येत होत्या. डहाळ्यांची मोळी काखेत हलकी होत गेली. आणि लांबच्या वाटेने वळसा घालायची सोय आज नव्हती, कारण हाक प्रत्येक दारात घालायचीच.

काकीच्या घराचे आता जोते उरले होते. मधे चौकट उभी, तिला दार नाही, उंबरा शाबूत. आत रानटी तेरडा. आरपार खाजण दिसत होते, तेव्हा कुणी लपलेले असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने पहिली हाक घातली. दुसरी घातली. तिसरी घालताना त्याचा आवाज फाटला.

"रव मरे, येतंय."

तो पळाला नाही. हातातली डहाळी त्याने उंबऱ्यावर ठेवली नाही, पुन्हा काखेत घातली, उरलेली सात घरे केली आणि वेशीवर आला.

सारा गाव उभा होता. सूर्य माडांच्या डोक्याला टेकलेला. भाईंनी विचारले, "दाजी, गाव मोकळो?"

"नाय."

भाई पुढे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ऊन लागला तुका. म्हण मोकळो."

"एक माणूस आसा. नर्मदाकाकी." मग तो भाईंकडे न पाहता, गर्दीत नातीच्या खांद्याला धरून उभ्या असलेल्या अक्काकडे वळला. दवंडीचा तो आवाज आता नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "तिना जाब दिल्यान होतो, अक्का. मी ऐकलंय. रव मरे, येतंय, म्हणाली. मी रवाक नाय. डहाळी ठेवलंय आणि इलंय. ती तुज्यावर रागावलेली नव्हती. गाठोडा बांदून येतच होती."

सुशीलेने पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांचा नेम तिला आता कळला.

"अकरा वर्षां देवाक फसयलंस?" भाई म्हणाले. हेडमास्तरांचा आवाज होता तो.

"देवाक नाय. अक्काक."

कुणीतरी मागून म्हणाले, घराचा मान काढा. दुसरा म्हणाला, ते मागाहून बघा, दिवेलागण झाली तर पळण मोडेल. भाईंनी हात वर केला. "मान काय तो देव बगीत," ते म्हणाले. "पण आत माणूस आसा असा हाक घालणारो सांगता. म्हणजे गाव मोकळो नाय. जा, घेवन ये."

दाजी वळला. तेवढ्यात अक्काने नातीच्या खांद्यावरचा हात काढला. "मी येतंय," ती म्हणाली. पंचाहत्तरीची, आता तिचेही गुडघे गेलेले. कुणी तिला धरायला आले तर तिने झिडकारले.

दोघे चौकटीशी पोचले. दाजी म्हणाला, "काकी, चल. रवलंय." आणि थांबला. जाब आला नाही. इतकी वर्षे जो आवाज कपबशी पाडत होता तो आता, तो वाट पाहायला तयार असताना, येत नव्हता. खाजणातून वारा येत होता, तेवढाच. दाजी तरी थांबला. चौकट धरून उठायला किती वेळ लागतो, चपला पायांत सरकवायला किती, गाठोडे काखेत घ्यायला किती, हे तो मनाशी धरत उभा राहिला. त्याला रडू आले आणि ते त्याने पुसले नाही. अक्का त्याच्याकडे बघत नव्हती. तिने उंबऱ्याकडे हात पुढे केला, पूर्वी धरायची तसा, आणि मग ती परत फिरली.

पाच-सात मिनिटांची वाट. पण अक्काच्या गुडघ्यांनी ती चालायला तिप्पट वेळ लागला. दाजी दोन पावले मागून, एकदाही पुढे न होता आला. वेशीवर गाव तसाच उभा होता. चारशे माणसे, डोक्यावरची ओझी डोक्यावरच. पोरे रडत होती, पण टेकले कुणी नव्हते. सूर्य बुडायला हातभर राहिला होता.

"इली?" भाईंनी विचारले.

दाजीने तोंड उघडले. मोकळो म्हणणे सोपे होते, दोनदा खोटे म्हणून झाले होते. "माका म्हायत नाय," तो म्हणाला. "यावेळी जाब नाय इलो."

"इली," अक्का म्हणाली. तिचा हात अजून अंगापासून थोडा दूर, काहीतरी धरल्यासारखा होता. ती दाजीकडे वळली. "पण तुज्यावांगडा नाय इली. माज्यावांगडा इली." मग भाईंकडे वळून, मोठ्या आवाजात तिने शेवटची हाक दिली. "गाव मोकळो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाला, आणि ओझी उतरवायला माळाकडे निघाला. अनुजाने मोबाईल काढला, पाहिला, आणि त्या राहिलेल्या नावावर खूण करून पिशवीत टाकला.

दाजी वेशीच्या दगडाजवळच राहिला. काखेत ती एक डहाळी उरली होती, तिचे काय करायचे ते त्याला कुणी सांगितले नव्हते. पाऊल पलीकडे पडेना. माणसे त्याच्या बाजूने जात होती. उतारावर सगळ्यांच्या मागे पडलेली अक्का चालता चालता थांबली. मागे न बघताच ती म्हणाली, "चल रे दाजी. रवलंय मी."

आणि तो पोचेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.